अर्जातली काकू

वेस्ट्रे, ऑर्कनी बेटे
९ ऑक्टोबर

डॉ. टॅनॉक यांस,

तुमचा अर्ज वाचला. पहिल्याच ओळीत तुम्ही मला मारलंत. 'मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हा माणसाला उद्ध्वस्त करणारा, भीषण आणि असाध्य आजार आहे.' आजवर तुमच्या त्या संशोधन निधीने मला सात अर्ज वाचायला पाठवले. सातही जणांनी पहिल्या ओळीतच माझा जीव घेतला. दुसऱ्या ओळीपर्यंत दम धरणारा अजून भेटायचा आहे.

मला हा आजार होऊन एकवीस वर्षं झाली. आधी फेरीबोटीवर स्वयंपाकीण होते, आता चाकांच्या खुर्चीत असते. उजवा पाय माझं ऐकत नाही हे खरं. पण माझा नवरा डेव्हीसुद्धा ऐकत नाही, आणि त्याला कुणी भीषण म्हणत नाही.

नियम तुम्हाला ठाऊक असेलच. नवोदित संशोधकाने साध्या भाषेत गोषवारा लिहायचा आणि तो आजार असलेल्या एका वाचकाने तपासायचा. त्यातलं सगळं समजलं आणि खरं वाटलं, तर वाचक सही करणार. सही नाही, तर अर्ज पुढे नाही. तुमची वाचक मी. निधी म्हणतो संगणकावर उत्तर द्या. माझी बोटं कळांवर दोन-दोन अक्षरं एकदम दाबतात. सुताराची जाड पेन्सिल मात्र धरता येते, म्हणून हा कागद. उत्तरही कागदावरच यावं.

मला समजलं ते असं : डिसेंबरात इथे सहा तास उजेड, जूनमध्ये धड काळोख पडतच नाही. एकाच माणसाचं रक्त एकदा अंधाराच्या दिवसांत घ्यायचं, एकदा उजेडाच्या, आणि मज्जातंतूंवरचं वेष्टन कुरतडणाऱ्या पेशी कधी जास्त माजतात ते बघायचं. कल्पना आवडली. एवढं दोन वाक्यांत सांगता येत असताना तुम्ही पावणेदोन पानं कशावर खर्च केलीत?

शेवटच्या परिच्छेदाने मात्र चष्मा पुसायला लावला. ऑर्कनीहून आलेल्या तुमच्या काकूला हा आजार होता, तिचे थरथरणारे हात बघून तुम्ही लहानपणीच ठरवलंत, वगैरे. कुणाची ती? माहेर कुठल्या बेटावरचं, कुठल्या शेतावरचं? तेवढं कळवा.

थोरा हार्कस


डंडी
१६ ऑक्टोबर

मिसेस हार्कस यांस सविनय,

तुमचं पत्र प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे प्राध्यापक खूप हसले, मग खिडकी उघडायला उठले. ती पहिली ओळ त्यांनीच सुचवली होती.

ओळ काढली. तिच्या जागी मी लिहिलं, 'एमएस झालेली माणसं बरीच वर्षं जगतात आणि त्या काळात त्यांना आमचे अर्ज वाचावे लागतात.' प्राध्यापकांनी तीही काढली.

मनापासून सांगतो, ही पाठ्यवृत्ती मला मिळायलाच हवी. माझा इथला करार ३० जूनला संपतो. निधीच्या हिशेबात नवोदित म्हणजे पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आतला. माझी आठ वर्षं पुढच्या नोव्हेंबरात भरतात. म्हणजे एक ही डिसेंबरची अर्जांची फेरी आणि एक पुढच्या ऑक्टोबरची. त्यानंतर मी नवोदितही नाही आणि मुरलेलाही नाही. पाच वर्षांचा पगार आणि स्वतःचं काम, एवढंच मागतोय. वय पस्तीस, केस निम्मे.

काकूचं नाव मार्गारेट. मी लहान असतानाच वारली. आमच्या घरात तिच्याबद्दल फारसं बोलत नसत. विषय जरा नाजूक आहे, समजून घ्याल.

आपला,
डूगल टॅनॉक


वेस्ट्रे
२७ ऑक्टोबर

डूगल,

पस्तिशीच्या नवोदिताला मी अहो-जाहो करणार नाही. माझ्या भाच्याच्या पस्तिशीपर्यंत दोन बोटी आणि एक घटस्फोट उरकला होता.

दुसरा खर्डा बरा आहे. पण हे काय लिहिलंस? 'रक्ताचे नमुने चोवीस तासांच्या आत डंडीला पोचवले जातील.' कोण पोचवणार? गेल्या डिसेंबरात सहा दिवस बोट नव्हती. विमान आठ जणांचं, ते वारा सुटला की उडतच नाही. दुकानातला पाव संपला, दूध संपलं, आणि तुझ्या पेशी तेवढ्या जिवंत राहणार! डंडीत बसून समुद्र नकाशावर निळा दिसतो रे.

डोकं लावलं. जिवंत पेशी गोठवून ठेवणारा एक माणूस बेटावर आहे, एरिक रेंडॉल. गाईंना कृत्रिम रेतन करत फिरतो. त्याच्याकडे द्रवरूप नायट्रोजनचा कॅन असतो, त्यात अँगस जातीच्या वळूंचं वीर्य. त्याला फोन करून विचारलं, यात माणसाचं रक्त राहील का? तो म्हणाला, "जागा आहे. पण नळ्यांवर नावं नीट लिहा. उद्या कुणाच्या गोठ्यात थोरासारखं वासरू झालं तर मी जबाबदार नाही."

काकूचा विषय नाजूक आहे हे कळलं. म्हणून तुला त्रास देत नाही, मीच शोधते. बावीस हजार तर माणसं आहोत सगळ्या बेटांवर मिळून. दक्षिणेत लग्न होऊन गेलेल्या मार्गारेट आतापर्यंत अकरा सापडल्या. त्यांतल्या चार अजून जिवंत आहेत. आपण तुझी काकू नाही याचं दोघींना फार वाईट वाटलं.

थोरा


डंडी
३ नोव्हेंबर

थोराबाई,

वळूंचा कॅन! असलं काही आजवर एकाही अर्जात वाचलेलं नाही, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. पेशी आधी सावकाश गार कराव्या लागतात, त्याचा डबा माझ्याकडे आहे. रक्त घुसळून पेशी वेगळ्या करायचं छोटं यंत्र बॅगेत मावतं. पुढे सगळं नायट्रोजनमध्येच. प्राध्यापक म्हणाले, "ही बाई पगारावर मिळेल का?"

एक विनंती. काकूचा शोध थांबवा. फार जुनी गोष्ट आहे. मला वाटतं ती ऑर्कनीची नसेलही. शेटलंड बेटांवरची असेल कदाचित.

डूगल


वेस्ट्रे
१५ नोव्हेंबर

डूगल,

सापडली!

(शेटलंड म्हणे. दुःखात माणूस काहीही बोलतो, म्हणून माफ केलं.)

पेगी स्कोली. स्ट्रॉन्सी बेटावरचं नेदरगार्थ शेत. मार्गारेटला इथे पेगीच म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी नर्स व्हायला गेली ती कुठे? मदरवेलला! तिथे पोलादाच्या कारखान्यातल्या एकाशी लग्न केलं. बाप एवढा भडकला की जावयाचं नाव घरात काढायची बंदी. म्हणून त्याचं आडनाव आज कुणालाच ठाऊक नाही. तिला हा आजार झाला आणि पंच्याण्णव साली ती गेली. तू मदरवेलचा, हे तुझ्या अर्जावरच आहे. पंच्याण्णवला तू सात वर्षांचा असणार. घे, सगळं जुळलं.

तिचा भाऊ विली, वय ब्याऐंशी, अजून तिथेच राहतो. मी फोनवर सांगितलं तेव्हा त्याने आधी मला दोनदा तेच सांगायला लावलं. मग म्हणाला, "तो मुलगा चीज खातो का?" तुझा पत्ता दिलाय. नाकातून पाणी येईपर्यंत रडलं तरी चालेल, मीही तेच केलं.

थोरा


डंडी
२३ नोव्हेंबर

थोराबाई,

काल चीज आलं. मोठं गोल, घरी केलेलं, फडक्यात बांधलेलं. सोबत ट्रॅक्टरवर बसून दात काढून हसणाऱ्या एका मुलीचा फोटो. आणि विली स्कोलींची चिठ्ठी : 'पेगीला मूलबाळ नव्हतं. तिचा दफनविधी झाला तेव्हा आमच्यापैकी कुणी गेलं नाही. बाप आडवा आला, आणि आम्हीही बापाला आडवं येऊ दिलं. तिची आठवण काढणारं कुणी उरलं नाही असं वाटायचं. तू आहेस हे कळून बरं वाटलं. फोटो ठेव.'

ही चिठ्ठी वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात जाऊन बसलो.

माझी कुणी काकू नाही. म्हणजे आहेत, दोन आहेत. एक पेस्लीची, एक ग्लासगोची. दोघी ठणठणीत. एक अजून नाचाच्या वर्गाला जाते. मार्गारेट मी बनवली. ऑर्कनीची बनवली, कारण हा आजार तुमच्या बेटांवर जगात सगळ्यांत जास्त, म्हणजे अर्जात शोभेल.

अर्ज कसा लिहावा याची आमच्याकडे कार्यशाळा असते. तिथे सांगतात, 'तुम्हीच का?' या प्रश्नाचं उत्तर घरातलं हवं. माझ्या ओळखीतल्या ज्याला ज्याला पाठ्यवृत्ती मिळाली, त्याच्या घरात कुणीतरी आजारी आहे. आमच्या घरचे सगळे निर्लज्जपणे धडधाकट. खरं कारण हवं असेल तर ते असं : बारा वर्षांपूर्वी दोन जागा निघाल्या होत्या. एक सामन माशांना लागणाऱ्या उवांवर, एक एमएसवर. उवांची जागा दुसऱ्याला मिळाली.

मला माझी लाज वाटते. अर्धं चीज खाऊन झालंय, हेही सांगून टाकतो.

डूगल


वेस्ट्रे
२९ नोव्हेंबर

डूगल टॅनॉक,

सही करणार नाही.

एकसष्ट माणसांना फोन केले मी. एका म्हाताऱ्याची तीस वर्षांची जखम उघडली, ती तुझ्या परिच्छेदाला शोभा यावी म्हणून! खोटं बोललास याचा राग आहेच. त्याहून जास्त राग याचा की तुला वाटलं, आम्हाला रडवल्याशिवाय आम्ही तुला काम करू देणार नाही. आम्ही काय थिएटरात बसलोय?

३० नोव्हेंबर

काल टपालगाडी चुकली म्हणून हा कागद अजून इथेच आहे. डेव्ही म्हणतो, "पोरगा गाढव आहे, पण कबूल कुणी करायला लावलं होतं त्याला? गप्प बसला असता तर आयुष्यभर चीज मिळालं असतं." डेव्ही वर्षातून एकदा बरोबर बोलतो, ते काल बोलून झालं.

तर दोन गोष्टी. विलीला तू स्वतः लिहायचं, सगळं, आजच्या आज. मी सांगणार नाही. आणि त्या परिच्छेदात काकूच्या जागी जे खरं आहे ते लिहायचं, उवांसकट. मग बघू.

थोरा


डंडी
६ डिसेंबर

थोराबाई,

विली स्कोलींना लिहिलं. पण नुसतं कागदावर माफी मागणं बरं वाटेना. शनिवारी मदरवेलला आईकडे गेलो, तिथून दफनभूमीच्या कार्यालयात. पेगीच्या नवऱ्याचं आडनाव हिगिन्स होतं. कबर सापडली, कुंपणाजवळ. फोटो काढून नेदरगार्थला पाठवला आणि ट्रॅक्टरवाला फोटोही परत केला.

आज उत्तर आलं. एकच ओळ : 'गवत फार वाढलंय, काप.' कापलं म्हणजे कापणार आहे, उद्या. आईची कात्री घेऊन.

नवा परिच्छेद जोडतो आहे : 'माझ्या घरात हा आजार कुणाला नाही. मी या कामात आलो तो जागा रिकामी होती म्हणून, आणि टिकलो तो प्रश्न सुटत नाही म्हणून. बारा वर्षांत मी या पेशींबद्दल एवढं शिकलो आहे की आता ते सोडून दुसरीकडे गेलो तर ते सगळं वाया जाईल.' प्राध्यापक म्हणाले, हे तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो आहेस. शेवटची तारीख पंधरा.

डूगल


वेस्ट्रे
१० डिसेंबर

डूगल,

सही केली. सोबत पाठवते आहे. परिच्छेद रडवत नाही, पण पटतो.

आता एक सांगते, जे पहिल्या दिवसापासून पोटात आहे. तुझ्या अर्जात अट आहे : आधाराशिवाय शंभर मीटर चालू शकणारेच रुग्ण घेणार. म्हणजे मी नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच दिसलं होतं. बोलले नाही, कारण तुझं बरोबर आहे. आजार कोवळा असताना त्या पेशी काय करतात ते बघायला हवं, माझ्यात आता बघण्यासारखं काय उरलंय? अट बदलू नकोस. बदललीस तर सही परत घेईन. पण मला वाईट वाटलं होतं, आणि ते तुला ठाऊक असावं असं वाटलं.

काल सॅन्डी बेटावरच्या एका पोरीला निदान झालं. चोवीस वर्षांची आहे. शंभर मीटर काय, ती अजून धावते. तिच्यासाठी ही पाठ्यवृत्ती मिळव.

थोरा


डंडी
२७ फेब्रुवारी

थोराबाई,

मुलाखतीला बोलावलं होतं. लंडनला, काल. नऊ जण बोलावले, चौघांना देणार.

टेबलाभोवती सात माणसं. वळूंच्या कॅनवर वीस मिनिटं बोललो. एक प्राध्यापिका पाणी पिता पिता ठसकली, दुसरे म्हणाले की उत्तरेतल्या बेटांवरून पेशी आणायची इतकी साधी वाट आपण आजवर ऐकली नव्हती. मी मनात तुमच्या नावाने टोपी काढली.

मग शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "ही पाठ्यवृत्ती मिळाली नाही तर तुम्ही हे क्षेत्र सोडाल का?"

याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. 'कदापि नाही, हे माझं जीवनकार्य आहे.' मी तोंड उघडलं आणि तुम्ही आठवलात. म्हणालो, "बहुतेक सोडेन. मांजरांचं खाणं बनवणाऱ्या एका कंपनीने दीडपट पगारावर बोलावलंय." त्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं.

त्या नोकरीबद्दल तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. नोव्हेंबरपासून खिशात आहे. आता लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

डूगल


डंडी
१४ मार्च

थोराबाई,

नाही मिळाली. पाचवा आलो.

निधीचा शेरा जसाच्या तसा देतो : 'प्रकल्प उत्कृष्ट, व्यवहार्य आणि कल्पक. मात्र उमेदवाराची या आजाराशी वैयक्तिक बांधिलकी पुरेशी स्पष्ट होत नाही.'

ज्या चौघांना मिळाली त्यांच्या अर्जांत दोन आजारी आया, एक आजोबा आणि एक शेजारीण आहे.

डूगल


वेस्ट्रे
२१ मार्च

डूगल,

ही माझी चूक. तुझी काकू मी काढायला लावली नसती तर आज तुझ्याकडे पाच वर्षं असती. मी इथे खुर्चीत बसून खरेपणाचा हट्ट धरला. त्याची किंमत तू दिलीस. माझं काय गेलं? एक पेन्सिल.

निधीला सात पानी पत्र लिहिलंय. पहिल्याच ओळीत त्यांना मारलंय. पुढचे अर्ज पाठवू नका म्हटलं, मग डेव्हीने ते वाक्य खोडायला लावलं. म्हणाला, "तू नाही वाचलेस तर कोण वाचणार, गाई?"

मांजरांकडे जायचं असेल तर जा. मी मनापासून सांगते आहे, टोमणा नाही. माणसाला भाडं भरावंच लागतं. फक्त जाण्याआधी एक ओळ टाक.

थोरा


वेस्ट्रे
१८ एप्रिल

डूगल,

महिना झाला. ओळ नाही. विली स्कोलीने फोन करून विचारलं, पोरगा बरा आहे ना. म्हटलं, मला काय माहीत.

थोरा


डंडी
९ मे

थोराबाई,

उत्तराला उशीर झाला. कंपनीने सोमवारपर्यंत मुदत दिली होती आणि मी हो म्हणायचं ठरवून टाकलं होतं. सही करायला गेलो, तेव्हा त्यांनी हौसेने सगळी जागा फिरवून दाखवली.

त्यांच्याकडे चाळीस मांजरं आहेत. प्रत्येकाला नाव आणि प्रत्येकाची फाइल. दर महिन्याचं वजन, रक्त, केस, झोप, बारा बारा वर्षांचं. उन्हाळ्यात काय होतं, हिवाळ्यात काय होतं, सगळं तारीखवार. डचेस नावाच्या एका जाड्या मांजरीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एकशे चव्वेचाळीस महिन्यांचा आलेख मी भिंतीवर पाहिला. मला जे हवं आहे तेच. मांजरीचं आहे, आणि तुमच्या बेटांवरच्या एकाही माणसाचं नाही. एका हिवाळ्याचंही नाही.

मला एवढा संताप आला की पेन टेबलावर ठेवलं आणि नाही म्हणालो. बाहेर येऊन बस स्टॉपवर दोन बस सोडून दिल्या. मग लक्षात आलं की आता मला नोकरी नाही.

पण करार ३० जूनपर्यंत आहे. वीस जणांच्या प्राथमिक चाचणीची परवानगी गेल्या वर्षीच मिळालेली आहे : सहा आजारी, चौदा धडधाकट, तुलनेसाठी. नळ्या पडून आहेत. प्राध्यापक यंत्र देतात आणि तिकीटही, मात्र म्हणाले, "हे मी केलं असं कुणाला सांगू नकोस, माझं नाव खराब होईल." म्हणजे उजेडातलं रक्त तरी घेता येईल. ते हातात असलं तर ऑक्टोबरच्या फेरीत मी नुसतं बोलणार नाही, दाखवीन. ती माझी शेवटची फेरी. ती गेली तर अंधारातलं रक्त घ्यायला मी नसेन, हे ज्यांच्याकडून घेणार त्यांना आधी सांगायला हवं.

मंगळवार, ४ जून. सकाळच्या बोटीने कर्कवॉलहून निघेन. एरिकचा कॅन मिळेल का? आणि वीस माणसं मिळतील का?

डूगल


वेस्ट्रे
१७ मे

डूगल,

कॅन मिळेल. एरिक वळूंना आठवडाभर खालच्या खणात हलवणार आहे. नर्स येईल. शाळेचं सभागृह मागितलंय. माझ्याकडेच उतरायचं, डेव्ही खेकडे आणणार आहे आणि त्यांना नाही म्हणून चालत नाही.

आता माझा गुन्हा ऐक. मला वाटलं, ज्याला निधीने पाचवा केला, ज्याला जूननंतर पगार नाही आणि ऑक्टोबरनंतर कदाचित कामच नाही, त्याच्यापुढे कोण हात करणार? चौदा धडधाकट माणसांनी कामधंदा सोडून सुई का टोचून घ्यायची? म्हणून मी, डूगल, मी, जिने तुला एका काकूवरून फाडून खाल्लं, ती काल दुकानात गेले आणि खोटं बोलले. मोठ्याने. म्हटलं, माझ्या संशोधकाला पाठ्यवृत्ती मिळाली, पाच वर्षांची, पूर्ण, चार जूनला येतोय, नावं द्या.

दुकान भरलेलं होतं. गल्ल्यामागे रोझी माझ्या बटाट्यांचं वजन करत होती. सॅन्डीहून ती पोरगी आली होती, तीही रांगेत होती. तिने खाली बघितलं.

मग रोझी म्हणाली, "थोरा, निधीचं पत्रक मार्चमध्येच आलं. तिकडे फळ्यावर लागलंय. चार नावं आहेत, त्यात त्याचं नाही, ते आम्ही सगळ्यांनी वाचलंय." आणि तिने बटाट्यांच्या पिशवीखालून एक कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. सव्वीस नावं होती त्यावर. सगळ्यांत वर तिचं स्वतःचं, दुसरं त्या पोरीचं. "वीस हवेत ते नर्सकडून कळलं. सव्वीस झालेत, जास्तीचे सहा कोण गाळायचे ते त्यालाच ठरवू दे. बोट किती वाजता लागते तेवढं सांग."

दहा वाजून पाच मिनिटांनी, डूगल. मी धक्क्यावर असेन.

थोरा